कुत्री फिरवून महिना किती सुटतो?

मुंबईत सकाळी सोसायटीच्या गेटमधून पट्टे धरून निघणारे डॉग वॉकर आता नवे नाहीत. समजा, कुत्र्यामागे महिना ३ हजार रुपये ठरले आणि १० कुत्री मिळाली, तर ३० हजार. पण प्रत्येकाला अर्धा तास, दोन वेळा म्हटले तरी रोज १० तास पायपीट. त्यात मे महिन्याच्या दुपारी डांबर पंजे भाजते. सगळे सकाळ-संध्याकाळीच बसवायचे. मग तीन-चार कुत्री एकदम नेली जातात आणि तिथेच जोखीम वाढते. कुत्रा कुणाला चावला, तर निष्काळजीपणासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार ६ महिन्यांपर्यंत कैद, ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि हे कलम प्राणी ज्याच्या ताब्यात, त्याला लागते. त्यामुळे रेबीज लसीची नोंद पाहूनच काम घ्यावे. मालक गावी गेल्यावर पैसे कापणार का, हेही तेव्हाच विचारावे.