बुजऱ्या मांजरीसाठी घर शोधताना

प्राण्यांच्या निवाऱ्यात आलेल्या कुटुंबाची नजर प्रथम कोठे जाते, हे तेथील सेवकांना अनुभवाने ठाऊक असते. जाळीतून पंजा बाहेर काढून ओढणीशी खेळणारे पिल्लू किंवा पायांत घोटाळणारा बोका पाहणाऱ्याचे मन लगेच जिंकून घेतो. मागच्या कोपऱ्यात, आडव्या ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून दोन डोळे मात्र नुसते रोखून पाहत असतात. त्या मांजरीविषयी कोणी चौकशी करीत नाही, केलीच तर "ही बोचकारते का?" एवढीच. बहुधा ती बोचकारणारी नसते. ती भ्यालेली असते. शस्त्रक्रियेतून सावरणाऱ्या अशा बुजऱ्या मांजरीला घर मिळवून देणे हे जीवदयेच्या कार्यातील मोठ्या चिकाटीचे काम आहे.

दुचाकीखाली मागचा पाय चिरडलेली, दोन-अडीच वर्षांची, करड्या पट्ट्यांची मांजरी उदाहरणादाखल घ्या. पाय वाचण्यासारखा नसल्याने पशुवैद्यांनी तो मांडीपासून काढला. प्रकृती सुधारल्यावर निर्बीजीकरणही झाले. टाके साधारणतः दहा ते चौदा दिवसांत निघतात आणि तरुण मांजर तीन पायांवर आश्चर्य वाटावे इतक्या लवकर तोल सावरते. वैद्यकीय दृष्टीने काम येथे संपते. निवाऱ्याच्या दृष्टीने ते येथून सुरू होते. तीन पायांच्या मांजरीला कुत्र्यांचा वावर असलेल्या गल्लीत परत सोडणे म्हणजे वाचवलेला जीव पुन्हा संकटात लोटणे होय. तिला जन्मभर पिंजऱ्यात ठेवावे, तर बाहेर दुसरा जखमी जीव ताटकळत असतो. व्यापारी भाषेत सांगायचे तर पिंजरा हे निवाऱ्याचे खेळते भांडवल आहे. ते एका जागी अडकले की पुढचा व्यवहार थांबतो आणि त्या थांबण्याची किंमत कोणा दुसऱ्या जिवाला मोजावी लागते.

पांजरपोळीकडून घराकडे

निराधार प्राण्यांची जबाबदारी समाजाने उचलावी, ही कल्पना आपल्या व्यापारी घराण्यांना नवी नाही. १८३२ मध्ये मुंबईत इंग्रजी अंमलदारांनी भटकी कुत्री मारण्याची मोहीम काढली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि शहरात दंगल झाली. त्यानंतर १८३४ मध्ये सर जमशेटजी जिजीभाई आणि शेठ अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. पुढे १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी संस्था मुंबईत स्थापन झाली आणि १८८३ मध्ये परळ येथे बाई साकराबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे पशुरुग्णालय सुरू झाले. केवळ आश्रय देण्यापुरते थांबायचे नाही, रोगमुक्त करायचे, हा विचार त्यामुळे दृढ झाला.

तथापि पांजरपोळीची रचना मुख्यतः गाई-बैलांचा विचार करून झालेली आहे. गोधन कळपात रमते. मोकळे आवार, चारा आणि पाणी मिळाले की ते शांत होते. मांजराची प्रकृती निराळी आहे. आपला कोपरा, आपला वास, ठरलेली वेळ यांवर त्याची सुरक्षितता अवलंबून असते. वीस अनोळखी मांजरांच्या सहवासात आणि कुत्र्यांच्या भुंकण्यात बुजरे मांजर दिवसेंदिवस आक्रसत जाते. त्याच्यासाठी पांजरपोळ म्हणजे शेवटी एक खोली आणि दोन-चार समंजस माणसे.

जखम भरते, भीती मागे राहते

मांजराच्या पिल्लाची माणसाशी ओळख होण्याचा नाजूक काळ म्हणजे जन्मानंतरच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचा. त्या काळात माणसाचा प्रेमळ हात लागला नाही, तर मोठेपणी ते माणसाला बिचकते. त्यात अपघात, औषधांचा वास, गळ्याभोवतीची शंकूच्या आकाराची कॉलर आणि रोजची इंजेक्शने यांची भर पडली की माणूस जवळ येणे म्हणजे वेदना होणे, असे समीकरण तिच्या मनात पक्के बसते.

ही भीती केवळ स्वभावाचा भाग म्हणून सोडून देता येत नाही. भ्यालेले मांजर अन्न सोडते आणि काही दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः ते अंगाने भरलेले असेल तर, यकृतात चरबी साचून जिवाला धोका निर्माण होतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर मांजरीने चोवीस तास तोंडात काही घेतले नाही, तर पशुवैद्यांना कळवावे. "भूक लागली की खाईल" हे सूत्र येथे लागू पडत नाही.

तिला लपायला जागा देणे हा उपचाराचाच भाग आहे. नेदरलँड्समधील उट्रेक्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये निवाऱ्यातील एकोणीस मांजरांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. ज्यांना लपण्यासाठी खोके मिळाले होते, ती पहिल्या काही दिवसांत इतरांपेक्षा लवकर निवळली. किराणा दुकानात रोज टाकून दिले जाणारे पुठ्ठ्याचे खोके अशा वेळी महागड्या गादीपेक्षा उपयोगी ठरते.

आहाराचा प्रश्न टाळू नये

शाकाहारी कुटुंबांना सर्वांत अवघड वाटणारा प्रश्न येथे उभा राहतो आणि त्याला मोकळेपणाने सामोरे जाणेच योग्य. मांजर हा निसर्गतः मांसाहारी प्राणी आहे. कुत्रा मिश्र आहारावर जगू शकतो. मांजराला ते साधत नाही. टॉरिन नावाचे पोषकद्रव्य त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही आणि नैसर्गिकरीत्या ते प्राणिजन्य अन्नातूनच मिळते. ते कमी पडले की दृष्टिपटल खराब होते व हृदयाचे स्नायू दुबळे होतात. टॉरिनच्या अभावाचा हृदयविकाराशी असलेला संबंध १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी दाखवून दिला आणि त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यातील टॉरिनचे प्रमाण वाढवण्यात आले. दूध-पोळीवर मांजर पोसले जाते, हा आपल्याकडचा जुना समज आहे. प्रत्यक्षात पुष्कळ प्रौढ मांजरांना दूध पचत नाही आणि त्याने जुलाब होतात. कृत्रिम टॉरिन मिसळलेली वनस्पतिजन्य खाद्येही निघाली आहेत. परंतु शस्त्रक्रियेतून उठणाऱ्या, अशक्त मांजरीवर असे प्रयोग करणे उचित नव्हे.

मग जैन कुटुंबाने काय करावे? घरात मांसजन्य खाद्याचे पाकीट येणे ज्यांच्या व्रताला वा मनाला मानवत नाही, त्यांनी मांजर दत्तक घेऊ नये. त्यात कमीपणा काहीच नाही. आपल्या नियमाशी प्रामाणिक राहणे आणि मुक्या जिवाला अर्धपोटी न ठेवणे, ही दोन्ही कर्तव्ये या नकाराने पाळली जातात. काही घरांत वेगळ्या जागी, वेगळ्या भांड्यात कोरडे तयार खाद्य देण्यास सर्वांची संमती असते. ती संमती आजी-आजोबांसह सर्वांना विचारून आधी घ्यावी. मांजर घरी आल्यावर स्वयंपाकघराच्या दारात हा वाद सुरू झाला, तर त्याचा शेवट बहुधा मांजर परत जाण्यात होतो.

ज्यांना घर देता येत नाही, त्यांच्यासाठी दानाचे मार्ग पुष्कळ आहेत. एखाद्या शस्त्रक्रियेचा खर्च, लसी, पिंजरे, भाड्याची जागा, प्राण्यांना नेण्या-आणण्याचे वाहन, यांपैकी कशाचाही भार उचलता येतो. याहून मोलाची गोष्ट म्हणजे ओळखी. पेढीवर दिवसाकाठी जितकी माणसे येतात, तितकी निवाऱ्यात महिन्यात येत नसतील. योग्य कुटुंबाशी गाठ घालून देणारा माणूस ते मांजर स्वतः न पाळताही त्याचा रक्षणकर्ता ठरतो.

गोदामासाठी मांजर?

व्यापारी वर्गाकडून निवाऱ्यांना एक विचारणा होते: "गोदामात उंदीर फार झाले आहेत, एखादे मांजर मिळेल का?" हेतू वाईट नसतो, मांजराला जागा मिळेल आणि मालाचे नुकसान टळेल, असा दुहेरी लाभ त्यात दिसतो. पण येथे थांबून विचार करणे आवश्यक आहे. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत 'असतीपोषण' येते. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांच्या 'योगशास्त्रा'त त्याचे विवेचन करताना धनलाभासाठी पोसल्या जाणाऱ्या प्राण्यांत मांजराचाही उल्लेख आहे. भर आहे तो धनलाभावर. आपल्या मालाच्या रक्षणासाठी दुसऱ्या जिवाकडून हिंसा करवून घेणे आणि जखमी जिवाला अनुकंपेने आश्रय देणे, या दोहोंत मांजर तेच असले तरी भाव वेगळा आहे. याहून सूक्ष्म शंका असेल, तर ती आपल्या गुरुमहाराजांपुढे ठेवावी.

व्यवहाराच्या दृष्टीनेही गोदाम हे अशा मांजरीचे घर नव्हे. धान्याच्या कोठारांत कीड मारण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून विषारी वायू निघतो. विष खाल्लेला उंदीर मांजराच्या पोटात गेला, तर त्यालाही विषबाधा होऊ शकते. शिवाय हमालांची ये-जा, ट्रकचे आवाज आणि रात्रीचे बंद शटर बुजऱ्या, तीन पायांच्या मांजरीला सोसवणारे नाही.

घराची पारख

कर्ज देताना बँक केवळ अर्जदाराचा उत्साह पाहत नाही. परतफेडीची ऐपत, जामीन आणि पूर्वीचा व्यवहारही तपासते. जबाबदार निवारा मांजर देताना असेच प्रश्न विचारतो, त्याचा राग मानू नये. घर भाड्याचे असल्यास मालकाची हरकत आहे का? दिवसा घरी कोण असते? लहान मुले, कुत्रा किंवा दुसरे मांजर आहे का? सुटीत सगळे गावी गेले तर मांजर कोण सांभाळणार? औषधोपचाराचा आणि दरवर्षीच्या लसीचा खर्च कोण करणार?

बहुमजली इमारतीत राहणाऱ्यांनी खिडक्या आणि गॅलरी यांना जाळी आधी बसवावी, मांजर नंतर आणावे. मांजर उंचावरून पडले तरी त्याला काही होत नाही, हा समज चुकीचा आहे. न्यूयॉर्कमधील एका पशुरुग्णालयाने १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, अवघ्या पाच महिन्यांत इमारतींवरून पडलेली १३२ मांजरे तेथे आली होती. उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के वाचली. पण अनेकांच्या छातीला, जबड्याला आणि पायांना गंभीर इजा झाल्या होत्या.

सर्वांत योग्य घर बहुधा गजबजलेले नसते. मुले परगावी नोकरीला गेलेले प्रौढ दांपत्य किंवा घरूनच काम करणारी शांत स्वभावाची व्यक्ती अशा मांजरीला अधिक मानवते. निर्णय पक्का होत नसेल, तर काही आठवडे तात्पुरता सांभाळ करून पाहावा. त्या काळात मांजरी काय खाते, कशाला घाबरते, कोठे झोपते, याची माहिती होते आणि कायमचे घर अन्यत्र शोधायचे झाल्यास ही माहिती शिफारशीच्या पत्राइतकी कामाला येते.

एक मात्र लक्षात ठेवावे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेल्या विधेयकातून ज्याचा मार्ग मोकळा झाला, त्या १९६०च्या प्राणी-क्रौर्य प्रतिबंधक कायद्यान्वये प्राण्याची उपासमार होईल अशा रीतीने त्याला विनाकारण वाऱ्यावर सोडून देणे हा गुन्हा आहे. जमत नसेल तर मांजर निवाऱ्याकडे परत द्यावे. बाजारात, मंदिराच्या आवारात किंवा परक्या गल्लीत सोडू नये.

पहिले तीन महिने

नव्या घरात प्रथम एकच खोली द्यावी. एका कोपऱ्यात खोके, दुसऱ्यात अन्न-पाणी, आणि दोहोंपासून दूर मातीचे पसरट भांडे ठेवावे. पाय गमावलेल्या मांजरीसाठी या भांड्याची कड बुटकी हवी. जखम ओली असेतोवर त्यात वाळूऐवजी कागदाचे तुकडे घालावेत, म्हणजे कण टाक्यांना चिकटत नाहीत. लादी फिनाइलने पुसू नये. त्यातील घटक मांजराला विषारी ठरतात. दुखते आहे असे वाटून घरातली पॅरासिटामॉलची गोळी कदापि देऊ नये. माणसाला सहज सोसणारी ती गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

तिला खोक्यातून ओढून काढू नये. त्याच खोलीत बसून वाचन करावे, हिशेब लिहावा, हलक्या आवाजात बोलावे. तिच्याकडे रोखून न पाहता डोळे हळूच मिटावेत आणि उघडावेत. मांजरे या मंद पापणी-मिटण्याला तसाच प्रतिसाद देतात, असे इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०२०मध्ये दाखवून दिले आहे. सामायिकाची बैठक ज्या घरात नेमाने होते, तेथे अठ्ठेचाळीस मिनिटे शांत, निश्चल बसलेले माणूस मांजरीला आपोआप लाभते. घाबरलेल्या जिवाला धीर देणारी याहून चांगली सोबत सांगता येणार नाही.

प्रगती मापाने मोजावी, कॅलेंडरने नव्हे. पहिल्या आठवड्यात रात्री वाटी रिकामी झाली, हे पुरेसे आहे. पुढे ती माणसांसमोर खाऊ लागते, मग खोलीच्या उंबऱ्यापर्यंत येते. तीन महिन्यांनी ती मांडीवर बसेलच असे नाही. काही मांजरे आयुष्यभर हातभर अंतर राखून प्रेम करतात. दिवाळीच्या फटाक्यांनी ती पुन्हा पलंगाखाली गेली, तर कष्ट वाया गेले असे समजू नये. एकदा रुजलेला विश्वास दुसऱ्यांदा लवकर परततो.

अभयदान या शब्दाचा अर्थ भीतीपासून मुक्तता देणे असा आहे. शस्त्रक्रिया मांजरीचे प्राण वाचवते; तिचे भय घालवण्याचे काम रुग्णालयाकडून होण्यासारखे नाही. ते एखाद्या घरातच, महिनोन्महिने, कोणाच्या लक्षातही न येता होत राहते. आणि ज्या दिवशी ती त्या घरी जाते, त्याच दिवशी निवाऱ्यातील तिचा पिंजरा धुऊन-पुसून पुढच्या जखमी जिवासाठी मोकळा होतो.