डबा टीव्हीला मिळालेली मुदतवाढ

31 ऑक्टोबर 2012 च्या मध्यरात्री मुंबईत केबलचे अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद झाले आणि ज्यांनी सेट टॉप बॉक्स घेतला नव्हता, त्यांच्या टीव्हीवर मुंग्या आल्या. दिल्लीचीही तीच तारीख होती. चेन्नई आणि कोलकात्याचे घोडे कोर्टकचेरीत आणि राजकारणात अडले. 31 मार्च 2013 ला आणखी 38 शहरांची पाळी आली. त्यात पुणे, नागपूर, नाशिक, औरंगाबाद, सोलापूर होते. गावखेड्यांपर्यंत पोचायला 2017 उजाडले.

टीव्ही विकणारे या काळात आशेवर होते. चित्र डिजिटल झाले की लोकांना जुना पडदा नकोसा वाटेल आणि दुकानात रांगा लागतील, असा हिशेब होता. पडदे बदलले हे खरे, पण सरकारी तारखेने बदलले असे म्हणवत नाही. त्या तारखेने डबा टीव्हीला उलट मुदतवाढच मिळाली.

कारण तांत्रिक आहे आणि अगदी साधे आहे. टीव्हीत दोन कामे एकत्र होती: आलेला सिग्नल पकडून उलगडणे आणि तो काचेवर दाखवणे. पहिले काम बॉक्सने उचलले. मग मागचा टीव्ही 1995 चा असो की कालचा, त्याला फक्त दाखवायचे उरले. केबलवाल्याचा पोऱ्या यायचा, पिवळी, लाल, पांढरी पिन खोचायचा, रिमोटवर एव्ही दाबायचा, की काम झाले. टीव्ही त्याहूनही जुना असेल आणि मागे पिनांची भोकेच नसतील, तर अँटेनाच्या वायरीनेच बॉक्स जोडून एखाद्या चॅनेलवर लावून द्यायचा. बॉक्स हजार-बाराशेचा, टीव्ही त्याच्या कितीतरी पट. मध्यमवर्गीय घरात काय ठरणार होते?

अमेरिकेत याची रंगीत तालीम आधीच झाली होती. तिथे 12 जून 2009 ला मोठ्या केंद्रांचे अ‍ॅनालॉग प्रक्षेपण थांबले. तिथल्या सरकारने त्याआधी घरटी 40 डॉलरची दोन कुपने वाटली, म्हणजे जुना टीव्ही न टाकता डबी जोडता यावी. पण 1 मार्च 2007 पासून नव्या टीव्हीत डिजिटल ट्यूनर असलाच पाहिजे, असा नियमही तिथे होता. आपल्याकडे केबलच्या डिजिटायझेशनबरोबर असा नियम आला नाही. महागडा सपाट टीव्ही घेणाऱ्यालाही बॉक्स चुकला नाही.

आणि तो बॉक्स जोडला जायचा बहुधा त्याच पिवळ्या पिनेने. डिजिटल म्हणजे एचडी, असा सरसकट समज होता. साध्या बॉक्समधून मात्र साधेच चित्र यायचे. चौकोनी चित्र रुंद पडद्यावर ताणले जायचे आणि मालिकांमधल्या सुना अचानक गोलमटोल दिसू लागायच्या. जुन्या टीव्हीवर चित्र जास्त चांगले होते, ही त्या काळातली कुरकुर निव्वळ गतकातरता नव्हती. लहान, फुगीर काचेवर साधे चित्र खरोखरच नितळ दिसते; मोठ्या पॅनेलवर त्याचे सगळे दोष उघडे पडतात.

सपाट पडदे विकले गेले ते पॅनेल स्वस्त होत गेले म्हणून, आणि घरे लहान होती म्हणूनही. भिंतीवर चढणारा टीव्ही वन-रूम-किचनमध्ये एका कपाटाची जागा मोकळी करतो. दुबई-बँकॉकहून येणारे लोक सामानात टीव्हीचे खोके आणत. ते इतके वाढले, की रुपया घसरत असताना ऑगस्ट 2013 मध्ये सरकारने प्रवाशांच्या सामानातून टीव्ही आणण्यावरची शुल्कसवलत काढून घेतली. तारीख पाळणाऱ्या केबल ग्राहकापेक्षा विमानतळाच्या पट्ट्यावरचे ते खोके बाजाराची दिशा जास्त स्पष्ट सांगत होते.

हे न दिसल्याची सर्वांत मोठी किंमत बहुधा आपल्या औरंगाबादच्या व्हिडिओकॉनने मोजली. 2005 मध्ये या कंपनीने फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा व्यवसाय घेतला. इटली, पोलंड, मेक्सिको, चीन इथले कारखाने त्यात आले. जग काचेच्या नळीतून बाहेर पडत होते आणि मराठवाड्यात वाढलेली कंपनी त्यात शिरत होती. त्या वेळी त्याला धाडस म्हटले गेले. भारतासारख्या देशांत स्वस्त डबा टीव्ही आणखी बरीच वर्षे खपेल, हा तर्क चुकीचा नव्हताच. पण टीव्ही वापरात राहणे वेगळे आणि नवा विकला जाणे वेगळे. बॉक्सने जुना टीव्ही जगवला. नव्या ट्यूबला गिऱ्हाईक मिळवून दिले नाही. पुढे व्हिडिओकॉनने स्वतःची डीटीएच सेवाही काढली, आतच बॉक्स असलेले टीव्ही आणले. डिजिटलचा वारा त्यांना कळला होता, पण तोवर ट्यूबचे ओझे खांद्यावर होते. कंपनी बुडायला आणखीही कारणे होती, कर्जे आणि इतर धंदे. 2018 मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

सरकारलाही बाजार कळायला उशीर लागला. जुलै 2014 च्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी रंगीत पिक्चर ट्यूबवरचे सीमाशुल्क माफ केले. दुर्बल घटकांना टीव्ही स्वस्त मिळावा हा हेतू. त्याच भाषणात 19 इंचांखालच्या एलसीडी-एलईडी पॅनेलचेही शुल्क काढले. जाणाऱ्याला निरोप आणि येणाऱ्याला सलामी एकाच दमात.

पॅनेल इथेच बनवायचे स्वप्नही आपल्याकडे पडले. 2016 मध्ये वेदांत समूहाच्या ट्विनस्टारने महाराष्ट्र सरकारशी करार केला, नागपूरजवळच्या बुटीबोरीचे नाव घेतले गेले. तो कारखाना कागदावरच राहिला. 2018 मध्ये थॉमसन हे नाव भारतात परत आले, ते स्वस्त स्मार्ट टीव्हीवर, परवान्याने घेतलेला शिक्का म्हणून. पॅनेल परदेशातून आलेले. त्याच वर्षी शाओमीचा 32 इंची टीव्ही 13,999 रुपयांना मिळू लागला, आणि तो घेणारी पोरे वायफाय लावून केबलवाल्याला बॉक्स परत न्यायला सांगू लागली.