मधुचंद्र मालदीवला : भाव पाहू नका, पडता काढा

लग्नसराईत आमच्या कापडाच्या गाळ्यावर मंडळी बस्ता बांधायला येतात. शरारा, शालू, शेरवानी, पाहुण्यांचे मानाचे कपडे, वलीम्याची खरेदी अशी यादी पूर्वी असे आणि तेथेच ती संपत असे. अलीकडे यादीच्या शेवटी एक नवी बाब वाढली आहे, ती म्हणजे हनिमून. आणि गेल्या काही वर्षांत या बाबीपुढे एकच नाव वारंवार ऐकू येते, मालदीव.

नवविवाहित जोडप्याने चार दिवस एकमेकांच्या सहवासात घालवावेत यात गैर काही नाही. एकत्र कुटुंबात, दोन खोल्यांच्या घरात, मागांच्या खडखडाटात संसार सुरू करणाऱ्या मुला-मुलींना तर हे चार दिवस मोलाचेच असतात. आमचा आक्षेप सहलीला नाही, ती ज्या पद्धतीने विकत घेतली जाते तिला आहे. जो कारखानदार सुताच्या गाठीचा भाव ठरवताना हमाली, गाडीभाडे, कर, वटाव सारे धरून पडता काढतो, तोच मुलाच्या हनिमूनसाठी रंगीत जाहिरातीतील एक आकडा पाहून होकार देतो. नंतर बिल दीडपट होते आणि ते भांडवलातून किंवा कर्जातून चुकवावे लागते. म्हणून या लेखात मालदीवच्या सहलीचा पडता कसा काढावा, ते आम्ही मांडत आहोत.

देश कसा आहे

हिंदी महासागरात विषुववृत्ताच्या आसपास विखुरलेली सुमारे बाराशे प्रवाळी बेटे म्हणजे मालदीव. त्यांपैकी दोनशेपेक्षा कमी बेटांवर वस्ती आहे. ११५३ साली तेथील राजाने इस्लाम स्वीकारला. इब्न बतूता १३४३-४४ च्या सुमारास तेथे काझी होता. येथून कवड्या बंगालला जातात आणि काथ्याला दूरवर मागणी आहे, अशी व्यापाऱ्याला रस वाटेल अशी माहिती त्याने लिहून ठेवली आहे. राजधानी मालेमध्ये १६५८ साली प्रवाळाच्या दगडात बांधलेली जुनी जुम्मा मशीद आजही उभी आहे.

पर्यटनाचा धंदा तेथे १९७२ साली सुरू झाला. त्या वेळी ‘एक बेट, एक हॉटेल’ अशी रीत पडली. संपूर्ण बेट हॉटेलचे, त्याला रिसॉर्ट म्हणतात. लोकवस्तीच्या बेटांवर परदेशी पाहुण्यास राहण्याची मोकळीक मात्र २००९ नंतर मिळाली. तेव्हापासून माफुशी, थुलुसदू, थोड्डू, धिगुरा अशा बेटांवर स्थानिक लोकांनी छोटी अतिथिगृहे काढली. सहल महाग की बेताची, हे मुख्यतः या एका निवडीवर ठरते : रिसॉर्ट बेट की वस्तीचे बेट.

कोणत्या महिन्यात जावे

मालदीवला दोन ऋतू. साधारण मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्येचा पाऊस व खवळलेला समुद्र, तर डिसेंबर ते एप्रिल कोरडे दिवस. जानेवारी ते मार्च हवा सर्वांत चांगली आणि म्हणून भावही सर्वांत चढे. एप्रिलच्या मध्यानंतर भाव उतरू लागतात.

आपल्याकडे बरेच निकाह ईदनंतर शव्वाल महिन्यात होतात. हिजरी साल इंग्रजी सालापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे शव्वाल दरवर्षी मागे सरकतो. २०१८ साली ईद जूनच्या मध्यास होती, म्हणजे त्या साली शव्वालमध्ये लग्न करून समुद्रावर जाणाऱ्याच्या पदरी पाऊसच पडायचा. २०२६ ची ईद मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातली, २०२७ ची मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि २०२८ ची फेब्रुवारीअखेरची. म्हणजे ही काही वर्षे लग्नाचा महिना आणि तेथील चांगल्या हवेचा महिना जुळून येतात. तारीख पक्की होताच आरक्षण केल्यास भाव हाती राहतो. शेवटच्या आठवड्यात धावपळ करणारा गरजू गिऱ्हाईक ठरतो आणि गरजू गिऱ्हाइकाला बाजार कसा वागवतो, हे आपणास सांगायला नको.

शंभराचे दीडशे कसे होतात

आता मूळ मुद्द्याकडे वळू. मालदीवचा खोलीचा भाव डॉलरमध्ये सांगतात. त्यावर तीन गोष्टी चढतात. पहिली, दहा टक्के सेवा आकार. दुसरी, सेवा आकार धरून येणाऱ्या रकमेवर पर्यटन वस्तू व सेवा कर. तो १ जुलै २०२५ पासून १७ टक्के आहे. तिसरी, माणशी दररोजचा हरित कर. तो १ जानेवारी २०२५ पासून दुप्पट झाला. रिसॉर्टवर माणशी १२ डॉलर आणि वस्तीच्या बेटावरील पन्नासपर्यंत खोल्यांच्या अतिथिगृहात ६ डॉलर.

समजा, रिसॉर्टने रात्रीचा भाव ३०० डॉलर सांगितला. सेवा आकार धरून ३३०, कर धरून ३८६.१० आणि दोघांचा हरित कर धरून ४१०.१० डॉलर. म्हणजे ११० डॉलर जाहिरातीत दिसलेच नाहीत. चार रात्रींचे १,६४० झाले. यात जेवण धरलेले नाही.

आता वस्तीच्या बेटावर ६० डॉलरची खोली धरा. सेवा आकार धरून ६६, कर धरून ७७.२२, हरित कर धरून ८९.२२. साठाचे एकोणनव्वद, म्हणजे जवळजवळ दीडपट. येथेही वाढ आहेच, पण चार रात्रींचे सुमारे ३५७ डॉलर होतात. एक तर खिसा सोसतो, नाही तर सोसत नाही. मधली फसगत नको, म्हणून भाव विचारताना ‘सर्व करांसह, दोन माणसांचे, चार रात्रींचे एकूण किती?’ एवढाच प्रश्न विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे.

बोटीचा व छोट्या विमानाचा खर्च

विमानतळ मालेजवळच्या हुलहुले बेटावर आहे. माले, हुलहुले व हुलहुमाले ही २०१८ पासून पुलाने जोडली गेली आहेत. बाकी बहुतेक बेटांवर बोटीने किंवा पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने जावे लागते. मुंबईहून मालेचा प्रवास जेमतेम तीन तासांचा, पण पुढच्या टप्प्याचा खर्च लोक विसरतात. दूरच्या रिसॉर्टला छोट्या विमानाने जाण्या-येण्याचे माणशी चारशे-पाचशे डॉलर सहज लागतात. दोघांचे हजार. खोलीइतकाच हा खर्च डोईजड होऊ शकतो.

आणखी एक खुबी आहे. ही छोटी विमाने फक्त दिवसा उजेडी उडतात. आमच्याकडे माल देणाऱ्या एका यंत्रमागधारकाच्या मुलाला एका एजंटाने संध्याकाळी पोहोचणारे स्वस्त तिकीट काढून दिले. मालेला उतरल्यावर कळले की बेटावर जाणारे विमान आता सकाळीच. ती रात्र त्यांनी पदरच्या पैशाने मालेत काढली आणि बेटावरच्या खोलीचे त्या रात्रीचे भाडेही गेले. तिकिटात वाचवलेले पैसे एका रात्रीत दुपटीने गेले. मुलगा म्हणाला, पैशापेक्षा नवरीसमोर खजील व्हावे लागले याचे वाईट वाटते. त्याचे म्हणणे आम्हास पटले. परक्या मुलखात नव्या नवरीचा पहिला भरवसा नवऱ्याच्या तजविजीवर असतो.

वस्तीच्या बेटांवर सरकारी फेरीबोट काही डॉलरांत जाते, मात्र ती सावकाश जाते आणि शुक्रवारी बहुधा बंद असते. माफुशीला फेरीबोटीने दीड तास, तर वेगवान बोटीने अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणून मालेला शुक्रवारी पोहोचायचे असेल, तर आधीच वेगवान बोट ठरवावी.

खाणे, पोशाख, खासगीपणा

वस्तीच्या बेटांवर अन्न हलाल आहे, मशीद चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि दारूला बंदी आहे. रिसॉर्टवर मात्र दारू व डुकराचे मांस पाहुण्यांना दिले जाते, म्हणून तेथे स्वयंपाकघराची चौकशी आधीच करावी. वस्तीच्या बेटांवर तोकड्या पोशाखातील परदेशी पाहुण्यांसाठी किनाऱ्याचा एक भाग वेगळा राखलेला असतो. बाकीच्या किनाऱ्यावर स्थानिक स्त्रिया पूर्ण पोशाखात वावरतात. आपल्या मुली-सुनांना तेथे अवघडल्यासारखे होत नाही, हा मोठाच फायदा आहे.

जेवणात ट्यूना मासा आणि नारळ मुख्य. सकाळी ‘मास हुनी’ म्हणजे मासा, खोबरे, कांदा व मिरची यांचे मिश्रण चपातीसारख्या ‘रोशी’बरोबर खातात. मासा सोडून जवळजवळ सर्व काही बाहेरून येते, म्हणून भाजी, फळे, साबण, औषधे महाग पडतात. थोड्डू बेटावर कलिंगड व पपई पिकतात, तो अपवाद. नेहमीची औषधे आणि उन्हापासून बचावाचे मलम येथूनच न्यावे. पाण्यात खोल बुडी मारण्याचा शौक असेल, तर परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी तो करू नये. बुडी व उड्डाण यांत १८ ते २४ तासांचे अंतर लागते.

कारागिरांच्या नजरेतून

मालेच्या दुकानांतील पुष्कळसा ‘स्थानिक’ माल बाहेरून आलेला असतो. अस्सल पाहायचे असेल तर एयदाफुशी बेटाशी नाव जोडलेले ‘फेली’ हे जाड सुती वस्त्र पाहावे. त्यावर पट्टे असतात. गद्दू बेटाच्या स्त्रिया लव्हाळ्याच्या चटया विणतात, थुल्हादूचे कारागीर लाखेचे रंगीत डबे करतात. तेथील स्त्रियांच्या ‘लिबास’ या पोशाखाचा गळा सोनेरी-रुपेरी तारेने विणतात, त्या कामास ‘कसबु’ म्हणतात. आपणही जरीच्या तारेला ‘कसब’च म्हणतो. जरीकाम करणाऱ्या आमच्या बांधवांनी ते गळे अवश्य पाहावेत. मात्र प्रवाळ व कासवाची पाठ विकत घेऊ नये. ती देशाबाहेर नेण्यास मनाई आहे.

कागदपत्रे व कर

भारतीयांना मालदीवला पोहोचल्यावर प्रवेश विनामूल्य मिळतो. परतीचे तिकीट व राहण्याच्या आरक्षणाचा कागद जवळ हवा. प्रवासाआधी ९६ तासांच्या आत प्रवासी घोषणापत्र संगणकावरून भरावे लागते, तेही विनामूल्य. त्यासाठी कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत. नवरीचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल तरी चालतो. फक्त तिकिटावरील नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. पासपोर्ट नसेल तर साखरपुड्यानंतर लगेच अर्ज करावा.

एजंटाकडून परदेश सहलीचे पॅकेज घेतल्यास तो त्यावर आयकराची आगाऊ वसुली, म्हणजे टीसीएस, करतो. ही रक्कम बुडत नाही. आपला पॅन क्रमांक नीट द्यावा, म्हणजे ती आपल्या नावे जमा होते आणि विवरणपत्र भरताना करात वळती करता येते किंवा परत मागता येते. आमचे कित्येक छोटे व्यापारी बंधू ही रक्कम गेली असे समजून सोडून देतात.

हप्त्यावर सहल नको

सर्व मिळून वस्तीच्या बेटावरील चार रात्रींचा ढोबळ हिशेब असा मांडता येईल : खोली ३५७ डॉलर, वेगवान बोट जाऊन-येऊन १००, जेवण १६०, एखादी समुद्रसफर १००. एकूण ७१७. त्यावर दहा टक्के हाताशी ठेवल्यास ७९० च्या आसपास. यात विमानाचे तिकीट मिळवावे. भाव स्वतः विचारून आपापले आकडे घालावेत, मांडणी मात्र हीच ठेवावी.

ही बेरीज घरात शिल्लक असलेल्या पैशात बसत असेल तर खुशाल जावे. बसत नसेल तर हप्त्यावर सहल विकणाऱ्यांच्या दारी जाऊ नये. व्याजाचा प्रश्न आहेच, पण निव्वळ व्यवहार म्हणून पाहिले तरी चार दिवसांच्या सहलीचे हप्ते वर्ष-दोन वर्षे फेडणे परवडत नाही. सुताचा भाव चढला, मंदी आली, की हेच हप्ते मागावरच्या कारागिराच्या मजुरीवर येतात आणि घरात नव्या सुनेच्या माथी मारले जातात. ‘तुझ्या हौसेपायी कर्ज झाले’ हे वाक्य आम्ही कानांनी ऐकले आहे, आणि त्या मुलीला ठिकाण निवडताना कोणी विचारलेही नव्हते. म्हणून निकाहाआधीच दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांमार्फत तिची मर्जी विचारावी आणि आकडाही सांगावा. पुष्कळ मुली आपण समजतो त्याहून व्यवहारी असतात.

मालदीव जमत नसेल तर समुद्र आपल्याकडेही आहे. मुरूड, दापोली-हर्णे, गुहागर, मालवण येथे नारळी-पोफळीच्या वाड्या, ताजी मासळी आणि घरगुती राहण्याची सोय मिळते. खर्च रुपयांत, पासपोर्ट नको. केरळात वर्कला व आलप्पुळा आहेत. लक्षद्वीपला मात्र प्रवेश परवाना लागतो व खोल्या मोजक्याच, म्हणून तेथली तयारी फार आधीपासून हवी.

शेवटी, आगाऊ रक्कम देण्यापूर्वी एजंटाकडून सहा गोष्टी लेखी घ्याव्यात : सर्व करांसह एकूण रक्कम, विमानतळ ते बेट जाण्या-येण्याचा खर्च, मालेला उतरण्याची वेळ व पुढच्या बोटीची किंवा विमानाची वेळ, जेवण किती वेळा, अन्न हलाल असल्याची खात्री, आणि बेत रद्द झाल्यास किती पैसे परत. कोऱ्या पावतीवर माल उचलायचा नाही, हा दुकानातला नियम लग्नाच्या सहलीलाही तितकाच लागू आहे.