तसबिरीतली मोकळी जागा

आजोबांचा कृष्णधवल फोटो आमच्या भिंतीवर चाळीसएक वर्षं होता. एका पावसाळ्यानंतर फ्रेम उघडली, तर गालाकडचा भाग काचेला चिकटलेला! तेव्हापासून फ्रेमच्या दुकानात मी आधी एकच विचारते: काच आणि फोटो यांच्यामध्ये काय घालणार?

अशा फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. दमट हवेत तो मऊ होतो आणि काचेला टेकलेला असला तर तिथेच चिकटून सुकतो. असा फोटो ओढून काढू नये. काचेसकट स्कॅन करून घ्यावा.

ही मधली जागा राखतो माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट. पुष्कळांना ती नुसती शोभेची वाटते. तिची खिडकी चित्रापेक्षा चारी बाजूंनी थोडी लहान कापतात, म्हणजे चित्राची कड खाली झाकली जाते. खिडकीच्या तिरक्या कापाला बेव्हल म्हणतात. तो काही वर्षांत तपकिरी पडला, तर पुठ्ठा साध्या लाकडी लगद्याचा आहे असं समजावं. त्यातल्या लिग्निनमुळे आम्ल तयार होतं आणि ते चित्राच्या कागदातही उतरतं. म्हणून ‘अ‍ॅसिड-फ्री’ माउंटच मागावा. माउंट नको असेल, तर काचेच्या कडेने आतून बारीक पट्टी बसवतात, तो स्पेसर.

बाहेरची नक्षीदार पट्टी म्हणजे मोल्डिंग. निवडताना आपण रंग बघतो, पण तिच्या मागची खाचही बघायला हवी. काच, माउंट, चित्र आणि मागचा हार्डबोर्ड, सगळं त्या खाचेत मावायला हवं. ‘12 बाय 18’ हे मापही या आतल्या जागेचं असतं. भिंतीवर फ्रेम त्याहून मोठी दिसते.

चित्र माउंटला चिकटवताना सेलोटेप अजिबात नको. तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. जपानी कागदाच्या दोन लहान बिजागऱ्या खळीने फक्त वरच्या कडेला लावाव्यात. कागद हवेबरोबर फुगतो, आकसतो; चारी बाजूंनी जखडला तर त्याला लाटा येतात.

कॅनव्हासवरच्या तैलचित्राला सहसा काच लावत नाहीत. बाकीच्यांसाठी अतिनील किरण अडवणारी काच मिळते, महाग पडते. तरीही थेट उन्हाची भिंत टाळावीच.

टांगण्याआधी फ्रेमच्या मागे, खालच्या दोन कोपऱ्यांत रबराच्या टिकल्या लावून घ्याव्यात. ओल आलेल्या भिंतीपासून फ्रेम जरा सुटी राहते आणि मागून हवा खेळते.