दुखऱ्या सांध्यांची शिरगणती

छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत दर गुरुवारी आठवड्याचा बाजार भरतो. भाजीचे वाटे मांडून दिवसभर उकिडव्या बसलेल्या बायांपैकी एखादी वृद्धा सायंकाळी उठू लागते, तेव्हा तिच्याकडे लक्ष द्यावे. ती प्रथम दोन्ही तळहात जमिनीवर टेकते. मग एक गुडघा उचलून क्षणभर थांबते. आणि शेजारणीच्या खांद्याचा आधार घेऊन उभी राहते. "वातानं धरलंय गं," असे ती म्हणते. "वयच झालं आता मावशी, चालायचंच," असे शेजारीण म्हणते. आपल्याकडे सांधेदुखीविषयी जे शेकडो वर्षे बोलले जात आहे, ते सारे ह्या दोन वाक्यांत आले. पहिल्या वाक्यात रोगाचे नाव आहे, दुसऱ्यात त्याचे कारण. दोन्ही अर्धवट खरी आहेत. आणि अर्धवट खऱ्या गोष्टी पुष्कळदा साफ खोट्या गोष्टींहून अधिक नुकसान करतात.

त्यांतील अर्धे खोटे कोणते, हे समजण्यासाठी प्रथम सांधा कसा असतो ते पाहिले पाहिजे. दोन हाडे जेथे मिळतात तेथे ती एकमेकांवर थेट घासत नाहीत. प्रत्येक हाडाच्या टोकावर कूर्चेचा गुळगुळीत, लवचिक थर असतो. सांध्याभोवती एक पिशवी असते व तिच्या आतल्या बाजूस एक नाजूक अस्तर असते. हे अस्तर चिकट द्रव तयार करते. बैलगाडीच्या आसाला जसे वंगण, तसा सांध्याला हा द्रव. कूर्चेची एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे : तिच्यात रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूही नसतात. मज्जातंतू नसल्यामुळे ती झिजू लागली तरी प्रारंभी काही कळत नाही. रक्तवाहिन्या नसल्यामुळे झिजल्यावर ती सहसा भरूनही येत नाही. गुडघा दुखू लागतो तेव्हा आतली झीज बरीच पुढे गेलेली असते.

आता 'वात' ह्या एका शब्दाखाली किती निरनिराळे विकार दडलेले आहेत ते पाहा. कूर्चा झिजून होणारा संधिवात हा त्यांतील सर्वांत जास्त आढळणारा. तो बहुधा उतारवयात होतो. परंतु नुसते वय हे त्याचे कारण नव्हे. शरीराचे फाजील वजन, पूर्वी झालेली दुखापत, वर्षानुवर्षे उकिडवे बसून किंवा ओझी वाहून केलेले काम आणि आनुवंशिकता ह्या सर्वांचा त्यात वाटा असतो. दुसरा विकार ह्याहून अगदी वेगळा. शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक संरक्षक व्यवस्था असते. तीच काही माणसांत वाट चुकते व सांध्याच्या आतल्या अस्तरावर चालून जाते. अस्तर सुजते, कूर्चा व हाड कुरतडले जाते, बोटे वाकडी होतात. ह्याला डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड संधिवात व आपल्याकडील लोक आमवात म्हणतात. हा म्हाताऱ्यांचा रोग नव्हे. तीस-चाळीस वर्षांच्या, घरात सर्वांत अधिक राबणाऱ्या स्त्रियांना तो पुरुषांपेक्षा अधिक होतो. क्वचित शाळकरी मुलांनाही सांध्यांचा असा विकार जडतो. अशा स्त्रीला 'वयच झाले' असे म्हणणे म्हणजे तिच्या सांध्यांचा नाश स्वस्थपणे पाहत बसणे होय. कारण ह्या रोगात पहिल्या एक-दोन वर्षांत उपचार झाले तर सांधे पुष्कळ अंशी वाचतात, पुढे मोडलेला सांधा औषधाने पूर्ववत होत नाही.

हे भेद आपल्या प्राचीन वैद्यांच्या मुळीच लक्षात आले नव्हते असे नाही. चरकसंहितेत 'वातरक्त' नावाच्या विकाराचे वर्णन आहे आणि माधवनिदान ह्या ग्रंथात 'आमवात' वेगळा सांगितला आहे. परंतु डोळ्यांना दिसणारी लक्षणे आणि शरीराच्या आत घडणारे कारण ह्यांचा दुवा जोडण्यासाठी प्रयोगशाळा हवी होती. लंडनमधील आल्फ्रेड गॅरड ह्या डॉक्टराने इ. स. १८४८ मध्ये दाखवून दिले की, पायाचा अंगठा ज्यात एकाएकी लाल होऊन असह्य ठणकतो त्या 'गाऊट' नावाच्या विकारात रोग्याच्या रक्तात युरिक अ‍ॅसिड साठलेले असते. त्याची परीक्षा फारच साधी होती. रोग्याच्या रक्तातील पातळ द्रव बशीत घ्यावयाचा, त्यात थोडे आम्ल घालावयाचे आणि तागाचा एक धागा सोडावयाचा. काही काळाने धाग्यावर युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक जमत. साखरेच्या पाकात दोरा सोडून खडीसाखर करतात, तसाच हा प्रकार. ह्याच गॅरडने पुढे इ. स. १८५९ मध्ये ऱ्हुमॅटॉइड संधिवात हे नाव रूढ केले व गाऊट आणि तो हे दोन रोग निराळे असल्याचे मांडले.

मुलांनी विशेष जाणून घ्यावा असा एक विकार येथेच सांगितला पाहिजे. घशाला एका जातीच्या जंतूंचा संसर्ग झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना ताप येतो व सांधे सुजतात. आज गुडघा, उद्या घोटा, परवा मनगट अशी ही सूज जागा बदलते. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत हा संधिज्वर अधिक आढळतो. सांधे काही दिवसांत बरे होतात, घरची माणसे निर्धास्त होतात. परंतु ह्याच ज्वराने हृदयाच्या झडपांना इजा झालेली असू शकते व ती जन्मभर पुरते. पेनिसिलिनने घशातील जंतूंचा वेळीच बंदोबस्त केला तर हा अनर्थ टळतो. सांधेदुखीचे आणखी एक कारण मराठवाड्याने इ. स. २००६ मध्ये स्वतःच अनुभवले. त्या वर्षी महाराष्ट्रात चिकुनगुनियाची मोठी साथ आली. हा ताप डासांमुळे पसरतो; तो उतरल्यावरही कित्येकांचे सांधे महिनोन् महिने धरलेले राहिले. 'चिकुनगुनिया' हा शब्द आफ्रिकेतील माकोंडे भाषेतला आहे आणि त्याचा अर्थ 'वाकवून टाकणारा' असा आहे. ज्याने तो रोगी पाहिला त्याला ह्या नावाची व्युत्पत्ती विचारावी लागत नाही.

कारणे इतकी निराळी, तर आपल्या गावांत कोणता विकार किती आहे हे कसे कळावे? रुग्णालयातील नोंदींवरून ते कळत नाही. जो रुग्णालयात येतो त्याचीच नोंद होते. जी बाई 'चालायचंच' म्हणून घरी बसते ती कोणत्याही वहीत येत नाही. शिवाय सांधेदुखीने माणूस सहसा दगावत नाही. त्यामुळे पटकी, देवी, क्षय ह्यांच्यामागे धावणाऱ्या आरोग्यखात्यांना पूर्वी तिच्याकडे पाहण्यास सवड नव्हती, आणि त्याबद्दल त्यांना फार दोषही देता येणार नाही. इ. स. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना ह्यांनी मिळून एक योजना आखली. तिचे इंग्रजी नाव लांबलचक आहे. त्याच्या आद्याक्षरांवरून तिला 'कॉपकॉर्ड' म्हणतात. महागडी यंत्रे न वापरता, समाजात घरोघर जाऊन सांध्यांच्या विकारांची मोजदाद करावी, हा तिचा गाभा.

भारतात ह्या योजनेचे पहिले काम झाले ते पुणे जिल्ह्यातील भिगवण ह्या गावी. इंदापूर तालुक्यातील हे गाव पुणे-सोलापूर रस्त्यावर, भीमा नदीवरील उजनी धरणाच्या फुगवट्याजवळ आहे. हिवाळ्यात तेथे येणाऱ्या रोहित पक्ष्यांमुळे ते पुष्कळांना ठाऊक असते. वैद्यकशास्त्राच्या जगात मात्र त्याचे नाव सांधेदुखीमुळे झाले. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा व त्यांचे सहकारी ह्यांनी इ. स. १९९६ मध्ये हे काम हाती घेतले. त्याची रीत पाहण्यासारखी आहे. प्रथम शिकवून तयार केलेले स्वयंसेवक प्रश्नावली घेऊन घरोघर गेले. कोठे दुखते, पूर्वी कधी दुखले होते, सूज येते काय, सकाळी सांधे आखडतात काय, असे ते विचारीत. ज्याला दुखत असेल त्याच्यापुढे माणसाच्या आकृतीचे एक चित्र ठेवले जाई व दुखऱ्या जागा त्यावर दाखविल्या जात. ह्यात एक शहाणपण आहे. 'अंग दुखते' असे म्हणणाऱ्याला शरीरशास्त्राचे शब्द ठाऊक नसतील, पण चित्रावर बोट ठेवण्यासाठी शब्द लागत नाहीत. शेवटी तज्ज्ञ डॉक्टर त्या सर्वांना प्रत्यक्ष तपासून निदान करीत.

एकूण ४,०९२ प्रौढ माणसांची विचारपूस झाली. त्यांपैकी ७४६ जणांना, म्हणजे शंभरांत सुमारे अठरांना, हाडे, सांधे व स्नायू ह्यांचे काही ना काही दुखणे होते. झिजेचा संधिवात शंभरांत सुमारे सहा जणांना आढळला. आमवात शंभरांत सुमारे अर्धा, म्हणजे दोनशेत एक असा निघाला. दोनशेत एक हा आकडा ऐकावयास लहान वाटतो. पण चार हजारांच्या वस्तीत तो वीस माणसांचा होतो, आणि त्यांतील प्रत्येकाच्या मागे एक घर असते. उरलेल्यांत पुष्कळ जणांची पाठ, मान, खांदे अशा जागा दुखत होत्या आणि त्या दुखण्याला पाठ्यपुस्तकातले कोणतेही ठळक नाव देता येत नव्हते. डोक्यावर हंडे, पाठीवर पोती आणि वाकून केलेली खुरपणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ह्याचे नवल वाटू नये. सांधेदुखी हा थंड हवेच्या देशांचा विकार, हा जुना समज भिगवणच्या उन्हात टिकला नाही. पुढे भिगवणचाच नमुना घेऊन देशात अनेक ठिकाणी अशा पाहण्या झाल्या.

मोजून झाले, आता उपचारांकडे वळू. विलो नावाच्या झाडाच्या सालीतील द्रव्य सांधेदुखीवर गुणकारी असल्याचे थॉमस मॅक्लॅगन ह्या डॉक्टराने इ. स. १८७६ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच घराण्यातील अ‍ॅस्पिरिन इ. स. १८९७ मध्ये तयार झाले. ह्या औषधांनी दुखणे थांबे, रोग थांबत नसे. इ. स. १९४८ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत फिलिप हेंच ह्यांनी आमवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिसोन टोचले, आणि थोड्याच दिवसांत ती चालू लागली. सगळीकडे आनंदीआनंद झाला व इ. स. १९५० मध्ये हेंच आणि त्यांचे दोन सहकारी संशोधक ह्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु हे औषध जास्त प्रमाणात, दीर्घकाळ घेतल्यास चेहरा सुजतो, हाडे ठिसूळ होतात, जंतूंचा प्रतिकार करण्याची शक्ती घटते. आजही ते उपयोगी आहे, पण तज्ज्ञाच्या देखरेखीखाली. काही भोंदू लोक 'जडीबुटी' म्हणून विकतात त्या पुड्यांत अशीच औषधे गुपचूप मिसळलेली आढळतात; पुडी घेताच आराम पडतो तो त्यामुळेच, आणि पुढची विपत्तीही त्यामुळेच.

आज आमवातावर जे औषध सर्वांत आधी दिले जाते त्याच्याशी एका भारतीयाचे नाव जोडलेले आहे. भीमवरम येथे इ. स. १८९५ मध्ये जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत संशोधन करीत होते. त्यांच्या हाताखालील शास्त्रज्ञांनी रक्ताच्या कर्करोगावर जी औषधे शोधली त्यांच्यापैकी मेथोट्रेक्सेट हे एक. सुब्बाराव इ. स. १९४८ मध्ये वारले. पुढे कळून आले की, हेच औषध अगदी थोड्या मात्रेत, आठवड्यातून एकदाच दिले, तर वाट चुकलेली संरक्षक व्यवस्था आवरली जाते. इ. स. १९८८ मध्ये अमेरिकेत आमवातासाठी त्याला रीतसर मान्यता मिळाली. ते आठवड्याऐवजी रोज घेतले तर प्राणावर बेतते. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांची चिठ्ठी नीट वाचून देणे हे काम लहानांनीही करण्यासारखे आहे. सूज भडकविणाऱ्या नेमक्या एका द्रव्याला रोखणारे उपचार लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी व त्यांचे सहकारी मार्क फेल्डमन ह्यांनी लंडनमध्ये इ. स. १९९२ मध्ये रोग्यांवर प्रथम करून पाहिले. अगदी झिजलेला सांधा बदलण्याची शस्त्रक्रियाही आता मोठ्या शहरांत नित्याची झाली आहे. खुब्याचा कृत्रिम सांधा भरवशाचा करण्याचे श्रेय इंग्लंडमधील जॉन चार्नली ह्यांच्या इ. स. १९६० नंतरच्या कामाला जाते.

मग गुळवेल, सुंठ, गुग्गुळ ह्यांचे काय? कोणी म्हणते ती रामबाण आहेत, कोणी म्हणते ती निरुपयोगी आहेत. दोघेही तावातावाने बोलतात आणि दोघांनीही मोजलेले नसते. ह्या प्रश्नाला मोजून उत्तर देण्याचा एक चांगला प्रयत्न डॉ. चोप्रा, पुणे विद्यापीठातील डॉ. भूषण पटवर्धन आणि इतर वैद्य व शास्त्रज्ञ ह्यांनी केला. केंद्र शासनाच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या एका योजनेतून तो झाला. गुडघ्यांच्या झिजेने त्रस्त अशा ४४० रोग्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडण्यात आले. काही गटांना सुंठ, गुळवेल इत्यादींपासून केलेली आयुर्वेदीय औषधे मिळाली, काहींना आधुनिक वैद्यकातली. कोणाला काय मिळाले हे रोग्याला ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नव्हते. असे का? तर औषधावर ज्याची श्रद्धा असते त्याला ते घेताच बरे वाटू लागते, आणि ज्या डॉक्टरची श्रद्धा असते त्याला रोगी बरा दिसू लागतो. दोघांच्याही डोळ्यांवर पट्टी बांधली म्हणजे औषधाचा खरा गुण तेवढा उरतो. तराजू हातात धरणाऱ्याला कोणत्या पारड्यात कोणाचा माल आहे हे कळू न देण्यासारखेच हे आहे.

चोवीस आठवड्यांनंतर हिशेब झाला. वेदना कमी करण्यात आणि चालणे-बसणे सुधारण्यात आयुर्वेदीय औषधे आधुनिक औषधांच्या बरोबरीची ठरली. त्याच वेळी, आयुर्वेदीय औषधे घेणाऱ्यांपैकी काहींच्या रक्तात यकृतावर ताण पडल्याचे दाखविणारे एक द्रव्य वाढलेले आढळले. त्यांना त्रास काही जाणवत नव्हता आणि औषध थांबविताच ते प्रमाण पूर्ववत झाले. वनस्पतींच्या औषधाने कधीच अपाय होत नाही, ही समजूत ज्यांना प्रिय आहे त्यांना हा निष्कर्ष आवडण्यासारखा नव्हता. इ. स. २०१३ मध्ये हे संशोधन इंग्लंडमधील एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यात गुणाचा आकडा आणि दोषाचा आकडा असे दोन्ही छापलेले आहेत.