नियमित दंततपासणी

नियमित दंततपासणी म्हणजे दुखणे नसतानाही ठरावीक काळाने दंतवैद्याकडून करून घेतलेली दात, हिरड्या, जीभ, गालांची आतील बाजू व जबडा यांची पाहणी होय. दातांची कीड, हिरड्यांचे आजार आणि मुखकर्करोगाची पूर्वलक्षणे आरंभी बहुधा वेदनारहित असतात. त्यामुळे वेदना सुरू होण्यापूर्वीच ती ओळखणे हा या तपासणीचा मुख्य हेतू असतो.

तपासणीचे टप्पे

प्रथम रुग्णाची माहिती घेतली जाते. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, गर्भावस्था, औषधांची ॲलर्जी, रक्त पातळ करणारी औषधे आणि तंबाखू-सुपारीचे व्यसन यांविषयी विचारणा होते. या गोष्टींवर पुढील उपचार अवलंबून असल्याने त्या न लपवता सांगणे आवश्यक असते.

त्यानंतर चेहरा, मानेतील गाठी व जबड्याचा सांधा बाहेरून चाचपला जातो. लहान आरसा व टोकदार शोधणीच्या साहाय्याने प्रत्येक दात पाहून नोंद केली जाते. दुधाचे दात २० व कायमचे दात ३२ असतात. हिरडी व दात यांमधील फटीची खोली मोजपट्टीसारख्या खुणा असलेल्या बारीक सळईने मोजतात. निरोगी हिरडीत ही खोली साधारणतः १ ते ३ मिलिमीटर असते. दोन दातांमधील कीड किंवा हाडाची झीज डोळ्यांना दिसत नसल्याने गरजेनुसार क्ष-किरण चित्र काढले जाते.

दातांवर साचलेले कीटण घासण्याने निघत नाही. ते यंत्राने काढतात. या सफाईमुळे दात सैल होतात, हा समज चुकीचा आहे. कीटणामुळे हिरडी व हाड आधीच झिजलेले असल्यास ते निघाल्यावर दातांचा मूळचा सैलपणा जाणवू लागतो. सफाईनंतर काही दिवस थंड पदार्थ झोंबू शकतात.

मुखकर्करोगाची पूर्वतपासणी

अकोला जिल्ह्यातील अकोटसह वऱ्हाडात व उर्वरित विदर्भात तपासणीचा हा भाग विशेष महत्त्वाचा ठरतो. सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा या भागात मोठ्या प्रमाणावर खाल्ला जातो. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी तंबाखू व सुपारीचे सेवन थांबलेले नाही. तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोगकारक असून तिच्यामुळे गालाच्या आतील त्वचा ताठर होऊन तोंड उघडणे कमी होत जाते. तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावतात का, ही त्याची साधी चाचणी आहे. पांढरा किंवा लाल चट्टा, तिखट असह्य होणे आणि दोन आठवड्यांत न भरणारी जखम ही धोक्याची चिन्हे मानली जातात. संशय आल्यास ऊतीचा लहान तुकडा काढून तपासला जातो.

पाणी व दात

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजल क्षारयुक्त आहे. मात्र खारे पाणी म्हणजे फ्लोराइडयुक्त पाणी नव्हे. दातांवर तपकिरी डाग पाडणारे जादा फ्लोराइड चवीवरून कळत नाही. त्यासाठी पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करावी लागते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची इष्ट मर्यादा प्रतिलिटर १ मिलिग्रॅम आहे. पर्यायी स्रोत नसल्यास ती १.५ मिलिग्रॅमपर्यंत ग्राह्य धरली जाते.

कालावधी व सुविधा

दर सहा महिन्यांनी तपासणी करण्याचा प्रघात असला तरी धोक्यानुसार हा कालावधी बदलतो. मधुमेही, तंबाखूसेवक व वारंवार कीड होणाऱ्या व्यक्तींना अधिक लवकर बोलावले जाते. बालकाची पहिली तपासणी पहिला दात आल्यावर किंवा पहिल्या वाढदिवसापर्यंत करावी, अशी शिफारस आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शासकीय शाळांतील मुलांचे दातही पाहिले जातात. पुढील उपचारांसाठी विदर्भातील रुग्णांना नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय उपलब्ध आहे. दंतवैद्याची राज्य दंत परिषदेकडे नोंदणी असणे कायद्यानुसार बंधनकारक असून रुग्ण नोंदणी क्रमांक विचारू शकतो.