बाळ पेटीतून घरी आले, आईवडील कधी येणार?

पहिलीच्या प्रवेशावेळी काही आया मुलाची माहिती देताना हळूच सांगतात, 'सर, हा पेटीत होता.' मूल समोर उड्या मारत असते, आईच्या डोळ्यांसमोर मात्र सहा वर्षांपूर्वीची काचेची पेटी असते.

वेळेआधी जन्मलेले, कमी वजनाचे किंवा श्वासाचा त्रास असलेले बाळ एनआयसीयूत ठेवतात. सुट्टी मिळाली की मुबारकबाद सुरू होते. अकीका कधी, हे सगळे विचारतात. आई झोपते का, हे कोणी विचारत नाही. तिथे मशीन श्वास मोजत होती, आता ती रात्रभर बाळाच्या छातीवर हात ठेवून बसते. अब्बूंचेही तेच. फक्त ते बोलत नाहीत, बिलाची उधारी आणि भीती एकाच खिशात घालून कामावर जातात.

यावर आपल्याकडे उत्तर तयार असते, 'सब्र करो.' सब्र हवाच, पण सब्र म्हणजे तोंड बंद ठेवणे नव्हे. हजरत याकूब (अ.स.) मुलाच्या विरहात रडले. नबी करीम (स.) यांचे डोळे लहानग्या इब्राहीमच्या वेळी भरून आले. मग आपल्या सुनेच्या रडण्याला नाशुक्री का म्हणायचे? रडू, धसका दोन आठवड्यांवर राहिला, बाळाजवळ जावेसे वाटेना, तर डॉक्टरांना सांगावे. टेली-मानसच्या 14416 या मोफत नंबरवर मराठीतही बोलता येते. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नये.

भीती कमी करायला हाताला काम लागते. कांगारू पद्धत त्यातलीच. 1978 मध्ये कोलंबियातील बोगोटा शहरात ती सुरू झाली. बाळाला उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवायचे. कमी वजनाच्या बाळासाठी जागतिक आरोग्य संघटना रोज किमान 8 तास सांगते. हे अब्बूही करू शकतात, दादीही. जे बाळ काचेतूनच पाहिले, ते अंगाशी आले की आईलाही धीर येतो.

दुसरे, वयाचा हिशोब. दोन महिने आधी जन्मलेले बाळ सहा महिन्यांचे झाले तरी त्याची वाढ चार महिन्यांच्या बाळाशी ताडावी. शेजारच्या मुलाशी तुलना करून जीव जाळू नये.

आणि चिल्ला. फार लवकर जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मापासून 30 दिवसांच्या आत व्हावी लागते, अगदी छोट्या बाळाची त्याहून आधी. चाळीस दिवस बाहेर काढायचे नाही म्हणून ती चुकली आणि पडदा खराब झाला, तर गेलेली नजर बहुधा परत येत नाही.

अशा धक्क्यानंतर माणसात येणाऱ्या वाढीवर अमेरिकेतील टेडेस्ची आणि कॅलहून या मानसशास्त्रज्ञांनी बरेच लिहिले आहे. त्यांच्या मते दुःख आणि ही वाढ सोबत राहू शकतात. आमच्या मोहल्ल्यातली एक आई आजही दवाखान्याच्या वासाने घाबरते. तरी कोणाचे बाळ पेटीत ठेवल्याचे कळले की जुनी फाईल घेऊन जाते आणि आधी विचारते, 'डोळ्यांची तारीख घेतली का?'